टोपीवालीची अकरा अंडी

कडुबाला कुणी काम काय करता असं विचारलं तर तो अजूनही "भट्टीवर" असं सांगतो. भट्टी सुटून आठ वर्षं झाली. चिकलठाण्याच्या एका गिअरच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं होता. गिअरचे दात कापून होतात तेव्हा ते मऊ असतात. त्यांना नऊशे डिग्रीला तापवायचं, ठरलेला वेळ तिथं ठेवायचं आणि मग तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतात. यात हुशारी फारशी लागत नाही. लक्ष लागतं. काट्यावर नऊशे दिसलं म्हणजे माल नऊशेला आला असं नसतं. आतपर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. तो वेळ कुणी चोरला तर गिअर वर्षभरानं कुठल्या तरी रस्त्यावर तुटतो. कडुबानं एकतीस वर्षांत तो वेळ चोरला नाही. त्याच्या पाळीचा माल कधी परत आला नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी शाबासकीही दिली नाही. काम नीट करणं हे कामातच धरलेलं असतं.

घर मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, रुळांपासून तिसऱ्या गल्लीत. खाली दोन खोल्या त्याच्या आणि बायकोच्या, वर मुलगा सत्यम आणि सून सोनिया. मागं छोटं अंगण, अंगणात एक पपई आणि पत्र्याचं खुराडं. खुराडं कडुबानं बांधलेलं. कोंबड्या आशाबाईच्या.

आशाबाई त्याची बायको. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती खुलताबादजवळच्या माहेराहून एक कोंबडी डालग्यात घालून एसटीनं घेऊन आली होती. काळी कोंबडी, डोक्यावर पिसांचा झुपका, टोपी घातल्यासारखा. घरात तिचं नाव टोपीवाली पडलं. ती मेली, तिच्या पोरी मेल्या, पोरींच्या पोरी मेल्या, पण आशाबाई दरवर्षी एक-दोन कोंबड्या अंड्यांवर बसवायची आणि दर खेपेला दोन-तीन पिल्लांच्या डोक्यावर टोपी यायची. पस्तीस वर्षं हे चाललं. बाहेरून तिनं कोंबडा आणला, कोंबडी कधी आणली नाही.

डिसेंबरात एका सकाळी भाकरी थापताना आशाबाईच्या हातातून परात सुटली आणि ती एका बाजूला कलली. अकरा दिवस दवाखान्यात होती. कडुबानं तिथल्या सिस्टरला दोनदा विचारलं, "मी काय करू?" सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा." तो बाहेरच्या बाकड्यावर बसला. एवढे दिवस हातात काही न घेता तो जन्मात कधी बसला नव्हता. बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, आतून सत्यम बाहेर आला आणि मग बसायचंही काम उरलं नाही.

लोक रडले. कडुबाला रडू आलं नाही. दुःख होतंय असंही त्याला वाटत नव्हतं. तो जेवत होता, झोपत होता, विचारलं तर उत्तर देत होता.

दहाव्याला सगळे कायगाव टोक्याला नदीवर गेले. परत यायला संध्याकाळ झाली. कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात शिरल्या होत्या. कडुबानं दार खाली ओढलं आणि आत येऊन आडवा झाला. दाराच्या कडीत एक लोखंडी सळई घालावी लागते, नाहीतर खालून नाक घालून कुत्रं ते उचलतं. ती सळई रोज आशाबाई घालायची. त्या दिवशी कुणी घातली नाही.

सकाळी सोनिया मागं गेली आणि तिथूनच ओरडली, "मामा! ओ मामा!"

सात कोंबड्या आणि एक कोंबडा. दोन जागीच पडल्या होत्या, बाकीच्यांची पिसं होती. कडुबानं पिसं पोत्यात भरली, फरशीवरचं रक्त घासून धुतलं आणि कडी तपासली. कडी चांगली होती. सळई भिंतीला टेकून उभी होती.

सत्यम म्हणाला, "अण्णा, तुमचा काय दोष नाय त्यात. कुत्रेच लई झालेत गल्लीत."

"सळई मी घातली नाय."

"अण्णा, अशा दिवसांत कुणाच्या ध्यानात..."

"नाय घातली म्हणलं ना."

"कोंबड्याच पाहिजेत तर जाधववाडीच्या बाजारातून आणू. दहा आणू."

"त्या आपल्या नाहीत," कडुबा म्हणाला आणि घासणी धुवायला नळावर गेला.

चहाच्या वेळी सोनिया हळूच म्हणाली, "मामा, अंडी हायत."

सुतक असल्यामुळं दहा दिवस घरात अंडं कुणी खाल्लं नव्हतं. कोंबड्यांना सुतक कळत नाही. त्या घालत राहिल्या. सोनिया रोज अंडी उचलून, सासू ठेवायची तशी ज्वारीच्या डब्यात निमुळतं टोक खाली करून पुरत राहिली. कडुबानं ज्वारीत हात घालून एक एक बाहेर काढलं. तेरा निघाली. दोनांना केसाएवढी चीर होती. अकरा चांगली.

त्या अकरा अंड्यांपलीकडं आता आशाबाईच्या कोंबड्यांचं काही शिल्लक नव्हतं. ती फुटली नाहीत तर पस्तीस वर्षं तिनं चालवलेलं कडुबाच्या हातानं संपणार होतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही. ते त्याला सळई हातात घेतल्यावर कळलं.

मागच्या गल्लीत पारूबाई राहते. ती आशाबाईच्या माहेरच्याच बाजूची, म्हणून नात्यात काही नसताना कडुबाला दाजी म्हणते. त्यानं तिला जाऊन विचारलं, "तुझी एखादी कोंबडी खुडूक हाय का? अंड्यावर बसवायचीय."

"ह्या थंडीत कोण खुडूक होतंय, दाजी? माझी एकुलती एक हाय, ती तर अंगाला हात लावू देत नाय. आन् ह्या गल्लीत कोंबड्या राहिल्यात कुठं? समदे चिकन सेंटरचे गिऱ्हाईक."

"कोंबडी अंड्याला किती तापमान देती?"

पारूबाईनं त्याच्याकडं बघितलं. "म्या काय तिच्या काखेत थर्मामीटर लावलाय का?"

ते सोनियानं मोबाइलवर शोधून दिलं. साडेसदतीस डिग्री. एकवीस दिवस. रोज निदान तीन वेळा अंडी फिरवायची, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. आत पाण्याची वाटी ठेवायची. शेवटचे तीन दिवस फिरवायचं नाही आणि झाकण अजिबात उघडायचं नाही. कडुबानं हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेवटचे तीन दिवस काय करायचं मग?"

"काहीच नाही, मामा. वाट बघायची."

सोमवारी तो पैठण गेटजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेला. त्याला तापमान धरून बल्ब चालू-बंद करणारा कंट्रोलर हवा होता. दुकानदारानं तीन काढून ठेवले.

"कायको चाहिए, चचा? फिश टँक?"

"अंडी उबवायला."

"मुर्गी हड़ताल पे गई क्या?"

"मर गई."

दुकानदारानं तिन्ही उलटून बघितले. मग त्यानं तिन्हींतला एक पुढं सरकवला. "ये लेव. बाकी दो में एक-एक डिग्री का फरक पड़ता. इसमें कम पड़ता."

"कम याने कितना?"

"चचा, अंडेच उबालने ना, रॉकेट थोड़ी छोड़ने."

कडुबानं दुकानातच वायरी जोडायला लावून तो चालवून बघितला आणि मग घेतला.

औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं एक मोठं खोकं मिळालं, ज्यात इंजेक्शनं येतात तसलं. जुन्या पद्धतीचे चाळीस वॅटचे दोन बल्ब, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा, खाली तारेची जाळी, जाळीखाली पाण्याची ताटली. झाकणाला काचेची खिडकी बसवली. एका कोपऱ्यातून प्लॅस्टिकची बारीक नळी ताटलीपर्यंत नेली, म्हणजे झाकण न उघडता पाणी घालता येईल. मंगळवारी तेराव्याची माणसं जेवून गेली आणि संध्याकाळी त्यानं बल्ब लावले.

आत दोन थर्मामीटर होते. एक सदतीस दाखवत होता, दुसरा साडेअडतीस. आता खरा कोणता? भट्टीवर असं झालं की तिसरं, भरवशाचं साधन आणून लावायचं. घरात भरवशाचं एकच होतं, आशाबाईचा ताप बघायला आणलेलं. त्यानं ते कपाटातून काढलं, अंड्यांच्या उंचीला धरलं, दहा मिनिटं थांबला. दोन्ही खोटे होते. त्यानं खोट्यांवर पेननं किती फरक आहे ते लिहिलं आणि खरं पुसून परत कपाटात ठेवलं.

लगेच अंडी आत घातली नाहीत. रिकामी भट्टी एक दिवस चालवून बघितल्याशिवाय तिच्यात माल भरत नाहीत. बुधवार आणि गुरुवारचा दिवस खोकं रिकामं चाललं. दर दोन तासांनी तो तापमान लिहीत होता. सत्यम कामावरून येऊन म्हणाला, "अण्णा, अंडी शिळी व्हायलीत तिकडं."

"होऊ दे. कच्च्या भट्टीत घालत नाय मी."

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता अकरा अंडी जाळीवर ठेवली. प्रत्येकाच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोळा, म्हणजे कोणतं फिरवायचं राहिलं ते कळावं. भिंतीवर खिळ्याला कागद लटकवला. त्यावर रकाने आखले: तारीख, दिवस, पाळी, तापमान, पाणी, फुली की गोळा, सही. वरच्या ओळीत लिहिलं, गुरुवार, दिवस पहिला.

पाळ्या कारखान्याच्याच. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. तीन वेळा अकरा म्हणजे रोज तेहेतीस अंडी. हात धुऊन, पुसून, एक एक फिरवायचं, झाकण लावायचं, सही करायची. सोनिया एकदा म्हणाली, "मामा, दुपारची पाळी मी करते. तुम्ही जरा पडा." त्यानं तिला करू दिलं आणि शेजारी उभा राहून बघितलं. तिनं सातवं अंडं अर्धंच फिरवलं. त्यानं ते पुन्हा फिरवलं. ती हसली आणि वर शिलाई मशीनवर निघून गेली.

पारूबाई बघायला आली. खिडकीतून बराच वेळ आत बघत राहिली.

"लोखंड ठिवलं का अंड्याजवळ? आशा ठिवायची. आभाळ गडगडलं की अंडी नासतेत."

"सोळा स्क्रू हायत खोक्यात."

"मंग ठीक हाय," ती गंभीरपणे म्हणाली.

सातव्या दिवशी न्हाणीघरात अंधार करून, पुठ्ठ्याच्या नळीला मोबाइलचा टॉर्च लावून अंडी बघितली. सोनिया टॉर्च धरत होती. चार अंडी नुसती पिवळी, स्वच्छ. सातांमध्ये लाल रेषा होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मध्ये एक काळा ठिपका. एकात तो ठिपका हलला.

"मामा! हललं! बघितलं का?"

"बघितलं."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

कडुबानं जरा विचार केला. "नाय," तो म्हणाला. त्यात खोटं नव्हतं. त्यानं कागदावर लिहिलं, अकरातून सात.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, दुरुस्तीसाठी वीज गेली. सकाळी दहाला गेली. आदल्या दिवशी मेसेज आला होता, तो सत्यमच्या मोबाइलवर, आणि सत्यम सांगायला विसरला होता. खोक्यातलं तापमान पस्तिसावर आलं तेव्हा कडुबानं गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. चार बाटल्या भरल्या, हात लावून बघितल्या, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या चार कोपऱ्यांत लावल्या. वरून गोधडी पांघरली. ती आशाबाईनं शिवलेली होती, पण त्या वेळी तिचा जाडपणा तेवढा कामाचा होता. दर वीस मिनिटांनी एक बाटली काढायची, भरायची, लावायची. वीज दीड वाजता आली. सगळ्यात खाली उतरलेला आकडा तेहेतीस. साडेतीन तासांत त्यानं अकरा बाटल्या बदलल्या आणि एकदाही खाली बसला नाही. आशाबाई गेल्यापासून त्या दुपारी त्याला पहिल्यांदा भूक लागली.

चौदाव्या दिवशी पुन्हा अंडी बघितली. एक थांबलं होतं, रेषा पुसट होऊन गेल्या होत्या. सहा उरली. आत आता नुसता अंधार होता आणि वर हवेचा एक कप्पा.

अठराव्या दिवशी, रविवारी, सकाळी सातला त्यानं अंडी शेवटची फिरवली, ताटली काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. चिकटपट्टी त्यानं स्वतःसाठीच मारली होती.

दुपारी तीन वाजता तो उठला, हात धुतले, पुसले आणि खोक्यापाशी जाऊन उभा राहिला. मग परत येऊन बसला. रात्री अकरालाही तेच. सोमवारी त्यानं नळाचा वायसर बदलला, विळीला धार लावली, खुराड्याचा पत्रा उलटा करून घासला, नवीन बिजागरी बसवली. मंगळवारी करायला काही उरलं नाही. तो खोक्यासमोर स्टुलावर बसला. काचेतून सहा अंडी दिसत होती. कुणाकुणाची फुली वर होती, कुणाचा गोळा. दवाखान्यातलं बाकडं याच उंचीचं होतं.

बुधवार, दिवस एकविसावा.

सकाळी काही नाही. दुपारी काही नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं की आधी कवचाला टोचा पडतो, मग पिल्लू आतून गोल फिरत कवच कापत जातं. सहा अंड्यांना एकही टोचा नव्हता. रात्री सोनिया म्हणाली, "मामा, कधी कधी उशीर होतो. वीज गेली होती ना."

गुरुवारी सकाळी सात वाजता त्यानं कागदावर लिहिलं, दिवस बाविसावा. पहिली पाळी. मग सही न करता पेन खाली ठेवलं.

वेळ उलटून गेली होती. भट्टीतला माल वेळेला बाहेर निघाला नाही तर कुणीतरी दार उघडून बघतो. नुसतं बसून राहणाऱ्याला तिथं कामावर ठेवत नाहीत. तो अकरा दिवस बाहेर बसला होता आणि बसून काही झालं नव्हतं. आत पिल्लं अडकली असतील, गुदमरत असतील, आणि आपण पुन्हा स्टुलावर बसून आहोत, असं त्याच्या डोक्यात आलं. सोनिया वर होती. त्यानं चिकटपट्टी काढली.

त्यातल्या त्यात मोठं अंडं उचललं. कानाशी धरलं. आत काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. जिवंत होतं. मग तर मदत करायलाच हवी. त्यानं चमच्याच्या टोकानं जाड बाजूला हलकं ठोकलं, नखानं कवचाचा तुकडा काढला, मग दुसरा. खाली पांढरा पापुद्रा होता. तो अगदी सावकाश करत होता. एकतीस वर्षं तापलेला माल चिमट्यानं उचललेले हात होते, थरथरत नव्हते. पापुद्रा फाटला आणि रक्त आलं. थोडंसंच. त्याला वाटलं थांबेल. थांबलं नाही.

पिल्लू पूर्ण होतं. डोळे मिटलेले, चोच, नखं, सगळं जिथल्या तिथं. फक्त पोटाबाहेर पिवळ्या बलकाची एक पिशवी लोंबत होती, करवंदाएवढी. ती अजून आत जायची राहिली होती. पिल्लानं चोच दोनदा उघडली. मग उघडली नाही. कडुबानं ते तळहातावर तसंच धरून ठेवलं. ओली पिसं वाळायला लागली तेव्हा डोक्यावरची उभी राहिली. टोपी होती.

मागच्या दारानं पारूबाई मेथीची जुडी घेऊन आली. तिनं आधी त्याचा हात बघितला, मग उघडं झाकण.

"आधी ते झाकण लावा, दाजी. लावा आधी!"

त्यानं एका हातानं झाकण लावलं.

"कशापायी फोडलं?"

"वेळ उलटली. काल एकवीस झाले."

"कसे झाले? बसवली कवा?"

"गुरुवारी."

"गुरुवारी कवा?"

"संध्याकाळी सातला."

पारूबाईनं बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग भिंतीवरच्या कागदाजवळ गेली. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात.

"आज संध्याकाळी एकवीस होतेत."

"गुरुवार पहिला," कडुबा म्हणाला. "गुरुवार पहिला, शुक्रवार दुसरा."

"दाजी," पारूबाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "मयताचे दिवस मोजतेत तसे. गेली तो पहिला दिवस धरायचा. अंड्याचे नाय तसे मोजत. रात उलटली म्हंजी मंग एक."

कडुबानं कागदाकडं बघितलं. त्यानं दहावा असाच मोजला होता. तेरावा असाच मोजला होता. त्याच बोटांनी, त्याच महिन्यात, हेही मोजलं होतं.

"आशा कशी मोजायची?"

"खुराड्यामागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायची. बसवल्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी पहिली रेघ. तुम्ही कवा बघितलं नाय?"

"बघितलं," तो म्हणाला. "मोजलं नाय."

त्यानं पिल्लू पपईखाली पुरलं. मग खुराड्याच्या मागं वाकून गेला. भिंतीवर रेघांच्या ओळी होत्या, एकाखाली एक, वर्षावर्षाच्या, काही पुसट, काही काळ्या. सगळ्यात खालची ओळ त्यानं बोट लावून मोजली. एकवीस. पाळीचे रकाने नाहीत, तापमान नाही, सही नाही. खोकं त्यानं बिनचूक बांधलं होतं. तापमानाला तिसरं साधन लावलं होतं. दिवसांना लावलं नव्हतं.

सोनियाला पारूबाईनंच सांगितलं असावं. ती खाली आली. नळीतून कोमट पाणी ताटलीत सोडलं, झाकणावर पुन्हा चिकटपट्टी मारली आणि रिळाचं टोक दातानं तोडलं.

"आता मी काय करू?" कडुबानं विचारलं.

"काही नाही करायचं, मामा. बसा."

तो बसला. हात कुठं ठेवावे कळेना म्हणून मांड्यांखाली घातले. दुपारची तीनची पाळी आली आणि गेली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, रुळांवरून एक गाडी गेली. संध्याकाळी सात वाजून गेले. सोनिया भाकरी करत होती. थापण्याच्या आवाजात दुसरा एक आवाज होता. दाणा पत्र्यावर पडावा तसा. कडुबा हलला नाही. भाकरी तव्यावर गेली तेव्हा तो नीट ऐकू आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

"सोनिया," तो म्हणाला.

ती पिठाचे हात घेऊन आली आणि काचेला नाक लावून बघत राहिली. फुलीच्या शेजारी कवचावर टाचणीच्या डोक्याएवढी चांदणी पडली होती.

"उघडू नका हं, मामा."

"माझे हात बघ कुठं हायत."

तिनं बघितलं आणि हसू दाबत तव्याकडं गेली.

शुक्रवारी सकाळी तो खोलीत आला तेव्हा एक पिल्लू बाहेर येऊन जाळीवर आडवं पडलं होतं, ओलं, दमलेलं. दुसऱ्याचं कवच अर्धं कापून झालं होतं. ते कापायचं, थांबायचं, पुन्हा कापायचं. दहा वाजता थांबलं ते अकरापर्यंत हललंच नाही. उघडून एक बोट लावलं तर काम पाच मिनिटांचं होतं. त्यानं बोट लावलं नाही. सव्वाअकराला पिल्लानं आतून पाय ताणले आणि कवचाचं टोपण पडलं. तिसरं दुपारी निघालं, कुणी बघतंय का याची वाटही बघितली नाही त्यानं.

पहिलं आतापर्यंत वाळलं होतं. पिवळसर, साधं. दुसरं काळं आणि डोकं साधं. तिसऱ्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला पिसांचा एक फुगा होता, भिजलेला, एका कानावर कललेला.

तीन वाजता कडुबानं भिंतीवरचा कागद काढला. कालची ओळ सहीविना पडली होती. तिच्यात त्यानं लिहिलं: एक अंडं वेळेआधी फोडलं. पिल्लू मेलं. माझ्या हातानं. खाली सही केली. मग आजची ओळ आखली. तापमान लिहिलं, पाणी लिहिलं. फुली की गोळा या रकान्यापाशी थोडा थांबला आणि लिहिलं: काही केलं नाही. त्याखालीही सही केली. अशा ओळीखाली त्यानं आयुष्यात कधी सही केली नव्हती.

संध्याकाळी पारूबाई आली.

"किती?"

"तीन."

"टोपीवालं?"

"एक. आडवी टोपी हाय."

"बसंल सरळ." ती खाली वाकली. "आन् ती दोन?"

"आवाज नाय त्यांचा. उद्या संध्याकाळी सातपर्यंत ठेवणार."

"दाजी, फोडून बघू नका."

"नाय."

"आशाची शपथ?"

कडुबानं तिच्याकडं बघितलं. पारूबाईनं मान फिरवली.

"नाय म्हणलं ना," तो म्हणाला.

ती गेल्यावर तो मागं गेला. रिकाम्या खुराड्याचं दार खाली ओढलं, भिंतीला टेकलेली सळई उचलून कडीत घातली आणि दार हलवून बघितलं. मग आत येऊन हात धुतले, पुसले, आणि स्टुलावर बसला. दोन अंडी बाकी होती.